लिंबूटिंबूंचा डाव : पुणे, हैदराबाद आणि आपले ग्वाल्हेर

ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंह मैदानाचे नाव काढले की समोरचा माणूस ठरल्यासारखा एकच शब्द उच्चारतो : दोनशे. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४७ चेंडूंत नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधले ते पहिले द्विशतक, आणि ते आपल्या गावात झाले. सचिन मराठी, आपण मराठी, मैदान घरचे. आनंदाला तोटा नव्हता. शहरात त्याच्या नावाचा रस्ताही झाला, आणि व्हायलाच हवा होता.

पण त्याच मैदानावर त्याआधी बारा वर्षांपूर्वी आणखी एक सामना झाला होता. तो हल्लीच्या मुलांना ठाऊक नसणे समजू शकते. पण त्या दिवशी याच शहरात असलेल्या आमच्या वयाच्या लोकांनाही तो चटकन आठवत नाही, याचे आम्हाला नवल वाटते. २८ मे १९९८. त्या दिवशी केनियाने भारताला ६९ धावांनी हरवले. जागतिक क्रिकेटच्या इतिहासात अनपेक्षित विजयांची जी मोजकी पाने आहेत, त्यांतले एक पान ग्वाल्हेरला लिहिले गेले. स्मरणिकेत आपण दरवर्षी शहराच्या जुन्या गोष्टी जागवतो. यंदा ही एक जागवावी म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्या मराठीत अशा संघांसाठी एक फार गोड शब्द आहे : लिंबूटिंबू. वाड्याच्या चौकात खेळताना धाकटी भावंडे मागे लागत, आणि आजी आतून ओरडे, ‘त्यालाही घ्या रे खेळायला.’ मग त्याला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचे. तो पळेल, ओरडेल, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. शब्दात लाड आहे, तसा एक कडू नियमही आहे : लिंबूटिंबूचे बाद होणे जसे धरत नाहीत, तसे त्याचे जिंकणेही कोणी धरत नाही. केनियाची सगळी कहाणी या नियमात बसते.

ही कहाणी सुरू करण्याआधी आपण स्वतः कोठे होतो ते पाहिले पाहिजे. १९७५च्या पहिल्या विश्वचषकात भारताने एकच सामना जिंकला, ११ जूनला लीड्स येथे. एकदिवसीय क्रिकेटमधला तो आपला पहिलावहिला विजय. समोर कोण होते? पूर्व आफ्रिका. केनिया, युगांडा, टांझानिया आणि झांबिया अशा चार देशांतले खेळाडू गोळा करून केलेला संघ, कर्णधार केनियाचे हरिलाल शाह. त्यांच्या १२० धावा सुनील गावसकर आणि फरोख इंजिनीअर यांनी एकही गडी न गमावता पार केल्या. १९७९च्या विश्वचषकात तर भारताने तिन्ही सामने गमावले. त्यांतला एक श्रीलंकेकडून, ज्यांना तोवर कसोटी दर्जाही नव्हता. म्हणजे १९८३ साली कपिलदेवचा संघ इंग्लंडला निघाला तेव्हा दोन विश्वचषकांतली आपली शिदोरी ‘पूर्व आफ्रिकेवर एक विजय’ एवढीच होती. तेव्हाचे लिंबूटिंबू आपणच. २५ जून १९८३च्या संध्याकाळनंतर मात्र आपण हे इतक्या झटकन विसरलो की दुसऱ्या कोणाला तो शब्द लावताना जीभ अडखळली नाही.

केनियातले क्रिकेट हे एका परीने आपल्याच लोकांनी नेलेले रोप. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोंबासाहून आत रेल्वे टाकण्यासाठी इंग्रजांनी पंजाबातून मजूर नेले, मागोमाग गुजरातमधून व्यापारी गेले. नैरोबीत त्यांचे क्लब झाले, जिमखाने झाले, मैदाने झाली. बराच काळ खेळ गोरे आणि आशियाई यांच्यापुरताच होता. पुढे त्या मैदानांच्या आसपास वाढलेली आफ्रिकी मुले बॅट हातात घेऊ लागली आणि बघता बघता सगळ्यांच्या पुढे गेली. म्हणून १९९६च्या केनियाच्या संघातली नावे वाचताना मजा येते : स्टीव्ह टिकोलो, मॉरिस ओडुम्बे, मार्टिन सुजी, थॉमस ओडोयो; आणि त्यांच्याच शेजारी हितेश मोदी, दीपक चुडासमा, आसिफ करीम, रजब अली, तारिक इक्बाल. टिकोलो, ओडुम्बे, सुजी आणि ओटिएनो या घरांतून तर भाऊ भाऊ देशाकडून खेळले. बहुतेकांचे पोट क्रिकेटवर नव्हते. चुडासमा दंतवैद्य. करीम विम्याच्या व्यवसायातले, शिवाय टेनिसमध्ये डेव्हिस चषकात देशाकडून खेळलेले. मार्गदर्शक होते आपले हनुमंतसिंह, बांसवाड्याच्या राजघराण्यातले, १९६४ साली इंग्लंडविरुद्ध दिल्लीला पदार्पणाच्याच कसोटीत शतक ठोकणारे.

१९९४ साली नैरोबीतच भरलेल्या आयसीसी ट्रॉफीत उपविजेते ठरून या मंडळींनी विश्वचषकाचे तिकीट मिळवले. पहिला अधिकृत एकदिवसीय सामना १८ फेब्रुवारी १९९६ रोजी कटकला, भारताविरुद्ध. सचिनने नाबाद १२७ केल्या आणि आपण आरामात जिंकलो. मग विशाखापट्टणमला ऑस्ट्रेलियाकडून हार, पाटण्याला झिम्बाब्वेकडून हार. तीन सामने, तीन पराभव. चौथा पुण्याला, २९ फेब्रुवारीला, वेस्ट इंडिजशी.

या वेस्ट इंडिजला ग्वाल्हेरकरांनी आठवडाभर आधीच डोळ्यांनी पाहिले होते. २१ फेब्रुवारीला रूपसिंह मैदानावरच भारताने त्यांना १७३ धावांत गुंडाळून पाच गडी राखून हरवले होते. सचिनच्या ७० धावा. त्यानंतर कोलंबोतल्या बॉम्बस्फोटामुळे त्यांनी श्रीलंकेला जायला नकार दिला आणि त्या सामन्याचे गुण गमावले. संघ घसरणीला लागला होता हे खरे. पण नावे वाचा : रिची रिचर्डसन, ब्रायन लारा, शिवनारायण चंदरपॉल, कर्टली अँब्रोस, कोर्टनी वॉल्श, इयान बिशप. लाराने दोनच वर्षांपूर्वी कसोटीत ३७५ आणि काउंटी क्रिकेटमध्ये नाबाद ५०१ धावांचे विक्रम केले होते. स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर त्या दिवशी जे पुणेकर आले, ते लारा पाहायला आले असणार. ओडुम्बे पाहायला कोण येणार होते?

नाणेफेक जिंकून रिचर्डसनने केनियाला फलंदाजी दिली. सगळे ठरल्यासारखे चालले होते. ८१ धावांत सहा गडी गेले. मग हितेश मोदी आणि सतरा वर्षांचा ओडोयो यांनी चिवटपणे डाव ओढला. मोदी २६, ओडोयो २४, आणि संघात सर्वांत जास्त टिकोलोच्या २९. डाव १६६ धावांत आटोपला. या १६६मध्ये सर्वांत मोठा आकडा कोणाचा, तर अवांतर धावांचा : ३७. वेस्ट इंडिजच्या गोलंदाजांनी वाइड आणि नो-बॉलची खिरापतच वाटली. हा आकडा आम्हाला त्या सामन्याची किल्ली वाटतो. लिंबूटिंबूसमोर खेळतो आहोत असे मनाने घेतले की पाय रेषेच्या पुढे पडतो, चेंडू लेगला जातो, आणि ‘काय फरक पडतो’ असे वाटते. फरक पडला.

वेस्ट इंडिजची सुरुवात झाली आणि रजब अलीने रिचर्डसनचा त्रिफळा उडवला, मार्टिन सुजीने कॅम्पबेलचा. लारा आला तो घाईत. आठ धावांवर रजब अलीच्या चेंडूला बॅट लागली आणि झेल यष्टिरक्षक तारिक इक्बालने पकडला. तारिक हा अंगाने भरलेला, चपळाईसाठी मुळीच प्रसिद्ध नसलेला गृहस्थ. त्या एका झेलाने तो क्रिकेटच्या इतिहासात जाऊन बसला. आर्थरटन शून्यावर धावबाद. त्यानंतर ओडुम्बेने ऑफस्पिन सुरू केली. दहा षटके, पंधरा धावा, तीन बळी. दुसऱ्या बाजूने करीमची डावखुरी फिरकी. चेंडू सावकाश येत होता, आणि वेगावर वाढलेल्या त्या फलंदाजांना त्याला स्वतःच्या ताकदीने मारावे लागत होते, तेही जमत नव्हते. चंदरपॉल १९ आणि हार्पर १७, बाकी एकालाही दोन आकडे गाठता आले नाहीत. ३५.२ षटकांत सगळे बाद, धावा ९३. केनिया ७३ धावांनी विजयी, आणि हा त्यांचा एकदिवसीय क्रिकेटमधला पहिला विजय. अकरा दिवसांपूर्वी बारसे झालेल्या बाळाने पहिलवानाला लोळवावे तसे झाले.

हा निव्वळ योगायोग होता, वेस्ट इंडिज तेव्हा संपलेलेच होते, असे म्हणणारे भेटतात. त्यांना पुढचे तीन सामने सांगावेत. त्याच वेस्ट इंडिजने चार दिवसांनी जयपूरला ऑस्ट्रेलियाला हरवले, उपांत्यपूर्व फेरीत लाराच्या शतकावर दक्षिण आफ्रिकेला घरी पाठवले, आणि मोहालीच्या उपांत्य सामन्यात ते अवघ्या पाच धावांनी हरले. संघ मेलेला नव्हता. पुण्याच्या त्या दिवशी तो फक्त कमी पडला. एकदिवसीय खेळाची हीच गंमत आहे. कसोटीत बलवानाला दुसरा डाव मिळतो, पहिल्या दिवसाची चूक चौथ्या दिवशी भरून काढता येते. येथे दोन तास वाईट गेले की दिवसच गेला. आणि त्या दोन तासांत दुबळ्याने काही चमत्कार करावा लागत नाही. साधा, नेमका, न कंटाळता खेळ करावा लागतो. कंटाळा येतो तो बलवानाला.

केनियाच्या बाजूनेही अतिशयोक्ती नको. आठवडाभरातच कँडीला श्रीलंकेने त्यांच्याविरुद्ध ५ बाद ३९८ अशी तेव्हाची विक्रमी धावसंख्या उभारली. लिंबूटिंबूला जमिनीवर आणायला क्रिकेट वेळ लावत नाही.

दोन वर्षांनी, मे १९९८मध्ये, भारताने केनिया आणि बांगलादेश यांना तिरंगी मालिकेसाठी बोलावले. आपण वडीलधारे आणि दोन धाकटी मुले, असा तो मांडव. त्या मालिकेत १७ मे रोजी हैदराबादच्या लालबहादूर शास्त्री स्टेडियमवर केनिया आणि बांगलादेश समोरासमोर आले. बांगलादेश १९८६पासून एकदिवसीय सामने खेळत होता. बारा वर्षांत विजय एकही नाही. केनियाने २३६ केल्या. बांगलादेशचे मार्गदर्शक होते वेस्ट इंडिजचे एकेकाळचे सलामीवीर गॉर्डन ग्रीनिज, आणि त्या दिवशी सलामीला धाडला गेला मोहम्मद रफिक, मुळात डावखुरा फिरकी गोलंदाज. आधी तीन बळी घेतलेल्या रफिकने मग ७७ धावा काढल्या, अतहर अली खानने ४७, आणि बांगलादेश सहा गडी राखून जिंकला. आज त्या देशाचे क्रिकेट केवढे झाले आहे! त्याचा पहिला विजय ना ढाक्यात झाला ना लॉर्ड्सवर. तो हैदराबादेत झाला.

अकरा दिवसांनी केनियाचा संघ ग्वाल्हेरला आला. दिवस नवतप्याचे. आपल्याकडचा नवतपा बाहेरच्याला सांगून कळत नाही. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, लश्करच्या बाजारात दुपारी चिटपाखरू नाही, घराघरांत कैरीचे पन्हे आणि वाळ्याचे पडदे. आमच्यापैकी कोणी परीक्षेच्या अभ्यासात, कोणी पॉलिटेक्निकच्या प्रॅक्टिकलच्या वह्या पुऱ्या करण्यात. भारत केनियाला हरवणार यात पाहण्यासारखे काय, अशी एकंदर भावना.

केनियाने पहिली फलंदाजी केली. रविंदू शाह या नव्या सलामीवीराने ७० धावा केल्या. ओडुम्बेने ८३, हितेश मोदीने ५१. पुण्याला ज्यांना १६६ करताना घाम फुटला होता, त्यांनी येथे भारतासमोर ५ बाद २६५ उभारल्या. दोन वर्षांत ते काय शिकले होते ते या आकड्यांत दिसते. पुण्याचा विजय गोलंदाजीचा आणि समोरच्याच्या चुकांचा होता. ग्वाल्हेरचा विजय बॅटने, सरळ समोरासमोर कमावलेला होता. त्या काळी २६५ म्हणजे कोणत्याही संघाने कपाळाला हात लावावा अशी संख्या. आणि उत्तरादाखल भारत १९६ धावांत सर्वबाद. ओडुम्बेने फलंदाजीनंतर गोलंदाजीतही हात दाखवला : १४ धावांत ३ बळी. ज्या भारताने १९७५ साली पूर्व आफ्रिकेला हरवून आपले खाते उघडले होते, त्याला तेवीस वर्षांनी केनियाने प्रथमच हरवले, तेही त्याच्या अंगणात.

मग हा सामना विसरला कसा गेला? त्याचे अर्धे उत्तर तारखेत आहे. ११ आणि १३ मे रोजी भारताने पोखरणला अणुचाचण्या केल्या होत्या, आणि २८ मेच्या दुपारी पाकिस्तानने बलुचिस्तानातल्या चागईत आपल्या चाचण्या केल्या. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात केनियाला कोण विचारणार? चहाच्या टपरीवर बोलणे बॉम्बचे, क्रिकेटचे नाही. उरलेले अर्धे उत्तर मात्र आपल्या स्वभावात आहे. तीन दिवसांनी कोलकात्याच्या अंतिम सामन्यात सचिनने नाबाद शतक ठोकले, भारत नऊ गडी राखून जिंकला, आणि ग्वाल्हेरचा दिवस पाटीवरच्या बेरजेसारखा पुसला गेला. संघात प्रयोग चालू होते, उकाडा होता, मालिका किरकोळ होती, अशी कारणे सगळ्यांच्या तोंडी होती. उकाडा केनियालाही होताच की! आणि ऑक्टोबर २००१मध्ये पोर्ट एलिझाबेथला, जेथे नवतपा नव्हता, केनियाने भारताला पुन्हा हरवले, ७० धावांनी.

पुढची गोष्ट सांगताना एका मराठी माणसाचे नाव आदराने घ्यावे लागते. संदीप पाटील. १९८३च्या उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध नाबाद ५१ धावा ठोकणारे, आणि कारकिर्दीच्या उत्तरार्धात आपल्या मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून रणजी खेळलेले. लिंबूटिंबू जिंकतो तेव्हा त्याच्या मनात काय चालते, हे ज्यांनी आतून अनुभवले अशा चौदा जणांतले ते एक. ते केनियाचे प्रशिक्षक झाले, आणि २००३च्या विश्वचषकात त्यांचा संघ उपांत्य फेरीत पोहोचला. न्यूझीलंडने सुरक्षेच्या कारणावरून नैरोबीला यायचे नाकारले, त्यामुळे काही गुण फुकट मिळाले, हे खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. पण नैरोबीत श्रीलंकेला ५३ धावांनी लोळवले ते फुकट नव्हते. कॉलिन्स ओबुयाच्या लेगस्पिनने २४ धावांत पाच बळी घेतले होते. बांगलादेशला हरवले, झिम्बाब्वेला हरवले. आणि तो विमेवाला करीम, निवृत्तीतून परत बोलावलेला, वयाची चाळिशी जवळ आलेली, त्याने डर्बनला विश्वविजेत्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध ८.२ षटकांत ७ धावा देऊन ३ बळी घेतले, त्यांत सहा षटके निर्धाव. सरकारी नोकरीत चाळिशी पार केलेल्या आम्हा मंडळींना या एका आकड्याने जेवढा धीर दिला, तेवढा कोणत्याही वेतन आयोगाने दिला नाही. उपांत्य सामन्यात भारताने त्यांना ९१ धावांनी हरवले, आणि कसोटी न खेळणारा देश विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत जाण्याची ती आजवरची एकमेव वेळ ठरली.

येथून पुढे चढण हवी होती. सुरू झाली ती उतरण. केनियालाही कसोटी दर्जा हवा होता. तो २००० साली बांगलादेशला मिळाला. १९९९च्या विश्वचषकात बांगलादेशने नॉर्दम्प्टनला पाकिस्तानला हरवून स्वतःही मोठी शिकार केली होती, शिवाय त्यांच्या मागे क्रिकेटवेडी प्रचंड लोकसंख्या उभी होती. पण दोघांचा आपसातला हिशोब पाहिला तर हैदराबादच्या त्या विजयानंतर एकदिवसीय सामन्यात केनियाला पुन्हा हरवायला बांगलादेशला २००६ उजाडावे लागले. बांगलादेशला मोठ्यांशी खेळायला सतत सामने मिळाले. ते हरले, पुष्कळ हरले, पण हरता हरता शिकले. २००७च्या विश्वचषकात त्याची किंमत आपणच पोर्ट ऑफ स्पेनला मोजली. केनियाला २००३नंतर हरायलासुद्धा कोणी बोलावले नाही. पुढची दोन-तीन वर्षे त्यांच्या वाट्याला मोजके सामने आले.

सगळा दोष बाहेरच्यांचा नाही. त्यांच्या क्रिकेट संघटनेत भांडणे झाली, मानधनावरून खेळाडूंनी संप केले. आणि ऑगस्ट २००४मध्ये पुणे आणि ग्वाल्हेरचा नायक मॉरिस ओडुम्बे याच्यावर सट्टेबाजांशी संबंध ठेवल्याबद्दल चौकशीअंती पाच वर्षांची बंदी आली. आम्हाला हे लिहिताना वाईट वाटते. पण त्या विजयांची नोंद करताना हे लपवणे इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल, आणि त्याच्या बंदीपायी रजब अली, मोदी, शाह, करीम यांचे दिवसही खोडून टाकणे हा त्यांच्यावरचा अन्याय. २०१४ साली केनियाचा एकदिवसीय दर्जाही गेला.

आपल्या शहरात आता शंकरपूरला नवे श्रीमंत माधवराव शिंदे मैदान झाले आहे. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, टी-ट्वेंटीचा, आणि पाहुणा संघ होता बांगलादेशचा. म्हणजे १९९८च्या त्या तिरंगी मालिकेतल्या तिघांपैकी दोघे ग्वाल्हेरला भेटले. तिसरा त्याच महिन्यात नैरोबीला, गांबिया, सेशेल्स, मोझांबिक आणि रवांडा यांच्याशी पात्रता फेरीचे सामने खेळत होता.